‘टाक, माझ्याकडं हाय’

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना माझ्या बाजूनं काही सापडतंय का, असं कुणी शोधत बसणार नाही. मी स्वतः वर्षभर शोधलं, काही सापडलं नाही. येळवसच्या सणादिवशी, मीच आग्रह करून शेतात जेवायला बोलावलेल्या माझ्या सगळ्यात जुन्या मित्राला मी असं एक वाक्य बोललो, की तो चालू खेळातून उठला आणि डांबरी रस्त्यावर जाऊन एसटीची वाट बघत उभा राहिला. डाव पैशाचा नव्हता. माझ्यापुढं दोन वाट्या चिंचोके होते, आणि ते गेले म्हणून मी चिडलो होतो. पन्नाशीला आलेला, लातुरात पाइप आणि ठिबकचं दुकान असलेला, गावात चार लोक ‘शेठ’ म्हणतात असा माणूस चिंचोक्यांसाठी चिडला होता.

हा मित्र विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला. होस्टेलला चार वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. तो नायगावकडच्या खेड्यातला, बौद्ध घरातला. मी जमीनजुमला असलेल्या शेतकरी घरातला. घरून माझे डबे यायचे, तुपाच्या बरण्या यायच्या. त्याच्याकडं वह्या होत्या. गणिताच्या तिसऱ्या पेपरात मी दोनदा नापास झालो. तिसऱ्या वेळी त्यानं उन्हाळ्याची सुटी सोडली, खोलीवर थांबला आणि रोज सकाळी मला धरून बसवलं. मी पास झालो. घरी सांगताना मी म्हणालो, यंदा जोर लावला.

पुढं तो पाटबंधारे खात्यात लागला, मी वडिलांच्या पैशावर दुकान टाकलं. मैत्री टिकली. म्हणजे त्यानं टिकवली. फोन तो करायचा, आजारपणात भेटायला तो यायचा. तीन-चार वर्षांपूर्वी त्याची बदली लातूरला झाली. घर नांदेडलाच होतं, म्हणून शनिवारी तो नांदेडला जायचा आणि सोमवारी परत यायचा. वाटेवर चाकूर. चाकूरजवळ माझ्या मेहुण्याचं शेत, आणि शेतात आखाडा. म्हणजे पत्र्याचं एक शेड, पुढं लिंबाची सावली आणि दोन बाजा. शनिवारी दुपारी आम्ही तिथं पत्ते खेळायचो. मी त्यालाही ओढलं.

तो म्हणाला, “येतो. पण मी नोकरीत हाय. पैशाचा डाव असला तर मी उठलो.”

त्याच्यासाठी चिंचोके आले. मेहुण्यानं शेंगदाण्याच्या तेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा भरून ठेवला.

आमच्या पोकरच्या टेबलाबद्दल लिहायचं म्हणजे आधी तिथं टेबल नव्हतं हे लिहायला हवं. सतरंजी होती. आम्ही चौघं. माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, हा आमचा पोकरचा आचार्य. मोबाइलवर परदेशातले डाव बघून त्यानं जाहीर केलं होतं की तीन पत्ती हा म्हाताऱ्यांचा खेळ आहे आणि शिकलेल्या माणसानं पोकर खेळावं. त्या व्हिडिओतले खेळाडू काळे चष्मे घालतात म्हणून हाही लिंबाच्या सावलीत गॉगल लावून बसायचा. त्यामुळं त्याला बदाम आणि चौकट नीट दिसायचे नाहीत. दुसरे गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक, शेजारचेच शेतकरी. आयुष्यभर जुगारावर शाळेत भाषणं केलेली आणि आता दर डावाला विचारायचे, “थांबा, तीन सारखी मोठी का सरळ मोठी?” ते विचारायचे म्हणजे त्यांच्या हातात दोन्हीपैकी एक असायचं. तिसरा मी. चौथा तो.

पोकर सोपा आहे. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून, मध्ये सगळ्यांचे पाच उघडे. आधी तीन उघडायचे, मग एकेक. कुणीतरी लावतं, कुणी वाढवतं. तुम्ही वाढवल्यावर समोरचा तुमच्याही वर पुन्हा वाढवतो, तेव्हा खरा प्रश्न येतो. पत्ते टाकायचे की पुढं जायचं? आमचा मेहुणासुद्धा सांगायचा, पुस्तकी नियम असा की फेरवाढ आली की बहुतेक वेळा गपचूप पत्ते टाकावेत. हे सांगून तो स्वतः कधीच टाकायचा नाही.

कारण आम्ही सगळे तीन पत्तीत वाढलेले. तीन पत्तीत पत्ते टाकण्याला आमच्याकडं ‘पॅक होणं’ म्हणतात, आणि पॅक होणाऱ्याला त्यापुढं जे काही म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. दिवाळीत चुलत्यांच्या मांडीला मांडी लावून खेळताना आम्ही शिकलो ते एवढंच की हातात दुर्री-तिर्री असली तरी छाती पुढं काढायची. आणि एक गोष्ट पक्की शिकलो. डावात जो तोंडानं म्हणतो, ‘हाय बरं का माझ्याकडं’, त्याच्याकडं काही नसतं. ज्याच्याकडं असतं तो आभाळाकडं बघत बसतो. माझ्या चुलत्यांनी, त्यांच्या चुलत्यांनी हेच केलं. या एका शहाणपणावर आमच्या अख्ख्या पंचक्रोशीनं पत्ते खेळले.

मित्र तीन पत्ती खेळला नव्हता. तो पोकर गणितासारखा खेळायचा. दहातले सात-आठ डाव तो पहिल्याच फेरीला पत्ते खाली ठेवायचा आणि आमची गंमत बघायचा. मेहुणा म्हणायचा, “साहेब, तुम्ही खेळाया येता का सतरंजी राखाया?” तो हसायचा. “तुम्ही खेळा की. मी हाय की हितं.” मी पण हसायचो, पण मेहुण्याच्या बाजूनं. जवळजवळ दोन वर्षांत त्यानं फेरवाढ केली असेल तीनदा, चारदा. प्रत्येक वेळी त्याच्याकडं पत्ते होते. हे मी बघितलं होतं. मला मोजता येतं. तरी माझ्या डोक्यात बसलं होतं ते इतकंच की हा भित्रा आहे, जात्याच दबून राहणारा आहे.

‘जात्याच’ हा शब्द मी आत्ता लिहिला आणि खोडणार होतो. राहू देतो.

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या, आमच्या लातूर-नांदेडकडं शेतात साजरी होते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, आत पूजा, आणि मग रानातच जेवण: शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि मडक्यातली गार, ताकातली अंबिल. त्या दिवशी शहर ओस पडतं. रानात आलेल्या माणसाला, ओळखीचा असो वा वाटसरू, जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. आम्हाला याचा फार अभिमान. त्या दिवशी कुणी पाहुणा रुसून उठला तर म्हाताऱ्या माणसांच्या घशाखाली घास उतरत नाही.

मित्र सकाळीच आला. एका पंगतीला जेवला. माझ्या बायकोनं त्याला तीनदा अंबिल वाढली, कारण त्याला ती आवडते हे तिला ठाऊक होतं. बायका कोपीपाशी आवराआवर करत होत्या आणि आम्ही आखाड्यावर डाव मांडला.

मला पत्ते आले एक्का आणि राणी. मध्ये उघडले एक्का, नव्वा, चौका. म्हणजे माझी एक्क्यांची जोडी. गुरुजींनी टाकले. मेहुण्यानं दहा चिंचोके सरकवले. मी तीस केले. मित्रानं पत्ते एकदा बोटानं उचलून बघितले, परत ठेवले, आणि नव्वद केले.

“आयला!” मेहुणा गॉगल कपाळावर घेऊन म्हणाला, “साहेब जागे झाले. मी न्हाई बाबा.” आणि त्यानं टाकले. मग माझ्याकडं वळला. “दाजी, तुमचं काय? होता का पॅक? आक्काला हाक मारू का, दाजी भ्याले म्हणून?”

गुरुजी म्हणाले, “शेठ कशाला भितील?”

मी चिंचोक्यांवर हात ठेवून बसलो होतो. तेव्हा मित्र हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, “टाक गड्या. माझ्याकडं हाय.”

हे सांगायची त्याला काही गरज नव्हती. डावात असं कुणी सांगत नाही. त्यानं ते मित्र म्हणून सांगितलं, जसं होस्टेलला सांगायचा की हे गणित सोडून दे, हे तुला येत नाही, पुढचं घे. आणि मी काय ऐकलं? मी माझ्या चुलत्यांचं शहाणपण ऐकलं. तोंडानं म्हणतोय म्हणजे काही नाही. मी सगळे चिंचोके दोन्ही हातांनी मध्ये लोटले.

त्यानं मान हलवली आणि पत्ते उघडे केले. दोन नव्वे. मधला धरून तीन. उरलेल्या दोन पत्त्यांनी मला काही दिलं नाही.

मेहुणा इतका हसला की सतरंजीवर आडवा झाला. “दाजी धुतले! धुऊन वाळत घातले!” गुरुजी म्हणाले, “तीन सारखी मोठी, बरं का,” जणू वर्गात सांगताहेत. कोपीकडून बायका बघायला लागल्या. आणि मी हसत हसत, म्हणजे चेहऱ्यावर हसू ठेवून, मित्राला म्हणालो, “तुला काय रे. तुम्हा लोकांना सरकारनं जन्मभर चांगलेच पत्ते वाटलेत.”

मेहुणा आणखी मोठ्यानं हसला. गुरुजी स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागले.

मित्र म्हणाला, “काय म्हणालास?”

इथं पत्ते टाकता आले असते. ‘चुकून बोललो’ एवढं म्हणून सगळं खाली ठेवता आलं असतं. त्यानं मला तेवढी जागा दिली होती. मी म्हणालो, “खरं तेच म्हणालो.”

“गणित तीन कुणी शिकवलं तुला?”

“शिकवलंस. मग जन्मभर ओझं वाहू का त्याचं?”

पुढ्यातले चिंचोके, माझे आणि त्याचे, त्यानं ओंजळीनं उचलून तेलाच्या डब्यात टाकले. सगळे. एकही सतरंजीवर राहू दिला नाही. चपला घातल्या, कोपीपाशी जाऊन माझ्या बायकोला म्हणाला, “वैनी, अंबिल लई चांगली झाली होती,” आणि बांधावरून रस्त्याकडं गेला. एसटी यायला वेळ होता. तो पाऊण तास रस्त्याकडेला उभा होता आणि आखाड्यावरून दिसत होता. मी गेलो नाही. मेहुणा म्हणाला, “जाऊ द्या दाजी, येतंय शनवारी.” आणि आम्ही तिघांनी पुन्हा पत्ते वाटले. हे मला सगळ्यात जास्त लाज आणतं. आम्ही पुन्हा पत्ते वाटले.

रात्री घरी बायकोनं फक्त विचारलं, “त्यांना काय बोललात?” मी सांगितलं. ती म्हणाली, “येळवसला?” आणि मग आठवडाभर कामापुरतंच बोलली.

तो शनिवारी आला नाही. पुढच्याही नाही. मी काय केलं ते लिहितो, कारण त्याचीही लाज वाटायला हवी. मी संक्रांतीला त्याला मोबाइलवर तिळगुळाचं चित्र पाठवलं, खाली लिहिलं, ‘काही चुकलं असेल तर समजून घे.’ असेल तर! जणू तपास चालू आहे. उत्तर आलं नाही. मग मी आणखी एक हुशारी केली. त्याच्या ऑफिसात काम असलेल्या एका ओळखीच्या गिऱ्हाईकाबरोबर स्टीलच्या डब्यात लाडू पाठवले. स्वतः गेलो नाही. दुकान सोडता येत नाही असं स्वतःला सांगितलं.

चार दिवसांनी डबा त्याच गिऱ्हाईकाबरोबर परत आला. स्वच्छ घासलेला, पुसलेला, रिकामा.

आमच्याकडं कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर मूठभर साखर घालतात, दोन मिरच्या घालतात. त्याच्या आईनं होस्टेलच्या काळात आमच्या घरचा डबा परत करताना त्यात एकदा अंगणातल्या शेवग्याच्या चार शेंगा मोडून घातल्या होत्या, मला आठवतात. त्याला ही रीत माझ्यापेक्षा चांगली माहीत होती. बायकोनं झाकण उघडलं, आत बघितलं, आणि डबा माझ्यापुढं ठेवून निघून गेली.

पावसाळ्याच्या तोंडावर त्याची बदली नांदेडला झाली. मला ते दुसऱ्यांकडून कळलं.

मी आखाड्यावर जात राहिलो. दुसरं कुठं जाणार? पण खेळताना मला एक सवय लागली. फेरवाढ आली की मी हात गुडघ्यांवर ठेवायचो आणि समोरच्या माणसानं यापूर्वी असं किती वेळा वाढवलंय ते आठवायचो. मेहुणा दर तिसऱ्या डावाला वाढवायचा. त्याच्या वाढीला काही किंमत नव्हती. गुरुजी वाढवायचे ते विचारून. एकदा माझ्याकडं राण्यांची जोडी होती आणि गुरुजींनी न विचारता फेरवाढ केली. मी टाकले.

“दाजी!” मेहुणा ओरडला, “राण्या टाकल्या? दोन राण्या? अहो एक सांभाळाया लई झाली म्हणून?”

गुरुजींनी त्यांचे पत्ते उघडले नाहीत. गड्डीत मिसळून टाकले. त्यांच्याकडं काय होतं ते मला आजही माहीत नाही. पत्ते टाकण्यातली खरी शिक्षा हीच आहे, हे त्या दिवशी कळलं. आपण बरोबर होतो का, हे कुणी येऊन सांगत नाही. माझ्यासारख्या माणसाला पैसे जाणं चालतं, मित्र जाणं चालतं, पण हे चालत नाही.

हळूहळू मी जिंकायला लागलो, आणि माझी मला किळस आली. जे त्यानं दोन वर्षं सतरंजीवर बसून करून दाखवलं, ज्याला मी भित्रेपणा म्हणालो, ते उचलून मी त्याच्याच डब्यातले चिंचोके गोळा करत होतो. गणित तीनसारखंच. शिकायचं त्याच्याकडून आणि घरी सांगायचं, यंदा जोर लावला.

एका शनिवारी चाकूरच्या स्टँडपर्यंत मी गुरुजींना गाडीवर सोडलं. उतरल्यावर ते गेले नाहीत. म्हणाले, “शेठ, तुम्ही बोललात ते बोललात. मी गप्प बसलो. चाळीस वर्षं पोरांकडून समतेची गाणी पाठ करून घेतली मी.” मला त्यांचा तिटकारा आला. आत्ता बोलतोय म्हातारा, तेव्हा अंगठा बघत होता! घरी पोहोचेपर्यंत लक्षात आलं की मी तिटकारा ठेवायला माझ्याशिवाय दुसरा कुणी माणूस शोधतोय. मेहुणा झाला, गुरुजी झाले, चुलते झाले. आता कुणी उरलं नव्हतं.

पुढची येळवस पंधरा दिवसांवर आली तेव्हा मी बायकोला म्हणालो, “नांदेडला जाऊन येतो. काय नेऊ?”

“काही न्यायचं न्हाई,” ती म्हणाली. “मोकळ्या हातानं जा. आणि ‘पण’ म्हणू नका.”

सकाळच्या एसटीनं गेलो. चाकूर आलं तेव्हा तो उभा होता ती जागा खिडकीतून दिसली. तिथं सावली नाही, हे मला वर्षभर सुचलं नव्हतं. घर सापडलं. दार त्याच्या बायकोनं उघडलं. तिनं मला ओळखलं, “या भाऊजी” म्हणाली नाही, नुसती बाजूला झाली. पाण्याचा तांब्या-पेला ठेवून आत गेली.

तो बाहेर आला. उभाच राहिला.

“कशाला आलास?”

“माफी मागायला.”

“कशाची?”

मी वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. हरलो होतो, मेहुण्यानं डिवचलं होतं, बायका बघत होत्या, तोंडातून निघून गेलं. ओठावर आलं होतं. मी हात गुडघ्यांवर ठेवले.

“तुला पत्ते सरकारनं वाटले म्हणालो. येळवसला, जेवायला बोलावून. त्याची.”

तो खुर्ची ओढून समोर बसला आणि त्याच हळू आवाजात, ज्या आवाजात तेव्हा ‘टाक’ म्हणाला होता, त्यानं विचारलं, “एक सांग. ते त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, का आधीपासून होतं?”

मला कळलं की हीच त्याची वाढ आहे, आणि तो उगाच वाढवत नाही. माझ्याकडं एक खोटं होतं, चांगलं दिसणारं. ‘रागात आलं रे, मनात कधीच नव्हतं.’ तेवढ्यावर कदाचित चहा आला असता.

“आधीपासून होतं,” मी म्हणालो. “होस्टेलपासून. प्रवेशाच्या यादीत तुझे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते. ती यादी मी बघितली होती. तरी तू सवलतीवर आलास, हे मी मनात धरून ठेवलं, कारण मी नापास झालो की त्याचा आधार वाटायचा. तू शिकवत होतास तेव्हाही होतं. तू कधी उलटून बोलला नाहीस, म्हणून तुझ्याकडं बोलण्यासारखं काही नाही, असं मी धरून चाललो. ते खोटं होतं, मला माहीत होतं, आणि मी बोललो. माझं चुकलं. त्या दिवशीचंही, आणि त्याच्या आधीचं सगळं. मला माफ कर. नाही केलंस तरी मी तुझ्यापुढं आता काही लावणार नाही. मी पत्ते टाकले.”